तुरुंगाचं दार (भाग 6) : जामीन आहे, जामीनदार कुठाय?

1 जुलै 2024 पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे मागच्या आठवड्यात पाहिले. परतवाड्याचा घाट चढून ते चिखलदऱ्यात पोचले, की त्यांचं काय होतं ते आज बघू.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत साधारण पावणेसहा लाख माणसं होती. चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत होण्याआधीच आत बसलेले. ही गर्दी हटवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आलं. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचं. आधी अर्धा काळ लागायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. साध्या चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्षानं सुटका. व्याघ्र प्रकल्पातल्या शिकारीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. कोर्टाकडे अर्ज तुरुंग अधीक्षकानं करायचा, आणि सुटणाऱ्याचा स्वतःचा जातमुचलका पुरतो. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या प्रकरणांनाही हे लागू केलं.

चांगलंच आहे. पण साध्या चोरीत माणूस वर्षभर आत राहतोच कशाला? जामीन तर त्याला कधीच मंजूर झालेला असतो. अडतं ते जामीनदारापाशी. कोर्ट म्हणतं, अमुक रकमेचा लायक जामीनदार आणा. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. मेळघाटातल्या कोरकू घरात वनहक्काचा पट्टा असतो. 2006 च्या कायद्यानं तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. जे विकता येत नाही त्यावर कोर्ट जप्ती काय आणणार? बाबू पट्टा उलटसुलट करून पाहतो आणि परत देतो. मामा-मेहुणे बैतूल, बऱ्हाणपूरकडचे, म्हणजे परराज्यातले. असाच पेच 1978 मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचा झाला होता. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्याला आता जवळपास पन्नास वर्षं होत आली, तरी दाखल्याची मागणी काही सुटत नाही. 2023 पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनासाठी पैशाची मदत मिळते. पण ती मिळायलाही जिल्हा समितीपुढे कागद जावा लागतो, आणि तो कोण नेणार?

माणसं सोडली तर गुन्हे वाढतील, ही भीती खरी की खोटी? अमेरिकेतल्या न्यू जर्सीनं 2017 पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंद केला. खटल्याआधी आत असलेल्यांची संख्या झपाट्यानं घटली, गुन्ह्यांची लाट काही आली नाही. फिलाडेल्फिया आणि मायामीच्या खटल्यांवरच्या 2018 च्या अभ्यासात दिसलं, की खटल्याआधी सुटलेल्यांना नंतर कामधंदा मिळण्याची शक्यता वाढते. अमेरिका आणि मेळघाट एकाच तराजूत घालणं जरा धाडसाचंच. पण न्यू जर्सीत तारखेची आठवण करून देणारे संदेश जातात, ते आपल्याकडे कुणी का उचलू नये, कळत नाही. इथली माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. मधली तारीख चुकली की वॉरंट, आणि कागदावर माणूस फरार. तो बिचारा वीटभट्टीवर असतो.

479 ची आणखी एक मेख आहे. एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असले, की सूट नाही. जंगलाच्या प्रकरणात 1927 चा वन कायदा आणि 1972 चा वन्यजीव कायदा जोडीनं लागणं नेहमीचंच. कलम शब्दशः वाचलं, तर जंगलात एकदाच सापडलेल्या माणसालाही एक तृतीयांशाचा लाभ नाही. वन गुन्ह्यातला आरोपी जामीनदारापाशी आधीच अडलेला, त्यात हे. चिखलदरा-धारणीत 479 चा उपयोग किती होणार, ते या पोटकलमाकडे न्यायालयं कशी बघतात त्यावर ठरेल.

पुढच्या भागात आपल्याच जिल्ह्यातलं मोर्शीचं खुलं कारागृह.