‘फोन मागितला तर सरळ नाही म्हण’ : हा सल्ला कुणासाठी?

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांना दर उन्हाळ्यात हे हमखास ऐकवलं जातं : ‘विमानतळावर फोन मागितला तर सरळ नाही म्हण. तिथे वॉरंटशिवाय फोनला हात लावता येत नाही.’ सांगणारा बहुधा तिकडे स्थायिक झालेला मामा किंवा काका असतो, त्यामुळे घरात कुणी शंका काढत नाही. काढायला हवी, कारण हा सल्ला घातक आहे.

त्याला थोडा आधार आहे, हे खरं. २०१४ च्या ‘रायली’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटक केलेल्या माणसाचा फोन तपासायला पोलिसांना वॉरंट लागतं. पण तो निकाल देशाच्या आतल्या अटकेचा. सीमेवरच्या झडतीला वॉरंट लागत नाही, हा अपवाद फार जुना आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानतळावरची तपासणी त्यातच मोडते. फोनपुरता हा अपवाद किती ताणायचा, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. २०२४ मध्ये जेएफके विमानतळावरच्या एका प्रकरणात न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने वॉरंट हवंच म्हटलं. या वादाच्या भरवशावर भाचीने काउंटरवर हुज्जत घालायची का?

मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. मामा अमेरिकी नागरिक आहे. त्याने पासवर्ड नाकारला तर फोन ठेवून घेतील, ताटकळत बसवतील, पण त्याला देशात घ्यावंच लागेल. भाची विद्यार्थी व्हिसावर आहे. तिला तिथूनच परत पाठवता येतं. प्रवेश, शैक्षणिक कर्ज, सगळं पणाला लागलेलं असताना नागरिकाचे हक्क तिला स्वतःचे म्हणून का सांगता?

प्रत्यक्षात होतं ते असं. वेगळ्या खोलीत नेतात, फोन विमान मोडवर टाकतात, कारण नियमाप्रमाणे फोनमध्ये साठवलेलंच पाहायचं असतं, क्लाउडमधलं नाही. मग अधिकारी फोटो, मेसेज चाळतो. २०१८ च्या निर्देशांनुसार एवढ्याला संशयाचं कारणही लागत नाही. फोन यंत्राला जोडून माहिती उतरवून घ्यायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण, शिवाय वरिष्ठांची मंजुरी लागते.

‘सगळ्यांचेच फोन तपासतात’ : नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४२ कोटी प्रवाशांमागे ४७,०४७ तपासण्या झाल्या, असं सीमाशुल्क विभागाचीच आकडेवारी सांगते.

‘अमेरिकेत उतरल्यावरच काय ते’ : अबुधाबीमार्गे थेट अमेरिकेच्या विमानाने जाणाऱ्यांची ही तपासणी साधारणपणे अबुधाबीतच उरकते.

‘फोन घेतला की गेला’ : एरवी पाच दिवसांची मर्यादा आहे, पण ती वाढवता येते. ताब्यात घेतल्याची पावती मागून घ्या.

‘हे फक्त अमेरिकेत’ : न्यूझीलंडमध्ये पासवर्ड नाकारला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होतो. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली थांबवलेल्याने पासवर्ड नाकारणं हा गुन्हा ठरू शकतो.

‘आदल्या रात्री सगळं डिलीट करा’ : पुसलेलं बरंच काही यंत्राने परत मिळवता येतं. त्यापेक्षा नको असलेलं सोबत नेऊच नका आणि उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा नंबर मात्र कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्यात सेव्ह केलेला नंबर मिळत नाही.