नावडतीचे मीठ : मॉरिस मायनर

ऑक्सफर्ड येथील विद्यापीठाची कीर्ती सर्वत्र ठाऊक आहे. परंतु त्याच नगरात सायकली दुरुस्त करता करता मोटारींच्या धंद्यात शिरलेल्या विल्यम मॉरिस या कारखानदाराने शेजारच्या काउली गावी जे दुसरे विद्यापीठ उभारले, त्याचा संबंध इंग्लंडातील मध्यमवर्गाच्या नित्य व्यवहाराशी अधिक जवळून आला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात मॉरिस मायनर प्रथम लोकांपुढे आली. दहा लाखांचा पल्ला गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार होण्याचे भाग्य तिच्या कपाळी होते. आणि तरीही, एव्हाना लॉर्ड नफील्ड झालेल्या तिच्या धन्याची मर्जी तिच्यावर सहजासहजी बसली नाही.

तिचा कर्ता अलेक इसिगोनिस हा जन्माने स्मर्नाचा. १९०६ साली ग्रीक वंशाच्या पण ब्रिटिश नागरिकत्व लाभलेल्या पित्याच्या आणि बव्हेरियन मातेच्या पोटी जन्मलेला हा तरुण, १९२२ च्या युद्धात ते नगर सोडावे लागल्यावर, माल्टामार्गे इंग्लंडास पोचला. गणिताच्या परीक्षेत वारंवार नापास झालेल्या या अभियंत्याचे मन आकड्यांपेक्षा रेखाटनात रमत असे. १९३६ साली तो मॉरिसच्या नोकरीत दाखल झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कारखाना सरकारी कामात गुंतलेला असताना, कंपनीचे उपाध्यक्ष माइल्स टॉमस यांच्या आश्रयाखाली, जॅक डॅनियल्स आणि रेज जॉब या दोन सहकाऱ्यांसह त्याने ‘मॉस्किटो’ या गुप्त नावाने नव्या छोट्या मोटारीचे काम आरंभिले.

त्या काळी अशी समजूत रूढ होती की, स्वस्त मोटार घेणाऱ्याने स्वस्त मोटारीचे हेलकावे, धक्के आणि वळणावरची धाकधूक निमूटपणे सोसलीच पाहिजे. इसिगोनिसने ही समजूतच नामंजूर केली. वेगळ्या सांगाड्यावर टप बसविण्याची जुनी पद्धत टाकून त्याने टप आणि सांगाडा एकजीव केला; कंपनीच्या जुन्या मॉरिस एट या गाडीच्या सतरा इंची चाकांच्या जागी चौदा इंची चाके योजून ती गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सरकविली; पुढच्या प्रत्येक चाकाला पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांडीचा स्वतंत्र आधार दिला; आणि दंतपट्टी व दंतचक्र यांच्या मेळाने चालणारे सुकाणू बसविले, ज्यामुळे चालकाच्या मनगटातील हालचाल विनाविलंब चाकांपर्यंत पोचू लागली. इंजिन पुढे सरकवल्याने गाडीचा भार पुढच्या चाकांवर आला आणि ती आपली दिशा सहसा सोडीनाशी झाली. मागे मात्र पाटेच राहिले, कारण किंमत आवाक्यात ठेवणे हीही प्रतिज्ञाच होती.

नफील्डसाहेबांना हे काहीच रुचले नाही. नावडतीचे मीठ अळणी या न्यायाने त्यांनी त्या गुबगुबीत आकाराची तुलना उकळत्या पाण्यात फोडून शिजविलेल्या अंड्याशी केली, अशी आख्यायिका आहे. जुनी मॉरिस एटच आणखी काही वर्षे चालवावी, असा त्यांचा आग्रह होता. अखेर १९४७ साली टॉमस पदावरून दूर झाले. इसिगोनिसने गाडीसाठी आडव्या, समोरासमोर नळकांडी असलेल्या नव्या इंजिनाची योजना केली होती. पुढे सिलिंडरच्या व्यासावर बेतलेला जुना मोटारकर रद्द होऊन सरसकट वार्षिक आकारणी सुरू झाल्याने या योजनेचे एक कारणच उरले नाही, आणि त्या इंजिनाला कंपनीची मंजुरी मिळाली नाही ती नाहीच. त्याऐवजी जुन्या मॉरिस एटचे ९१८ घनसेंटिमीटरचे इंजिन नव्या गाडीत बसविण्यात आले.

सारी सामग्री तयार होत असतानाच इसिगोनिसच्या दृष्टीस पडले की, गाडी अरुंद दिसते. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापविली आणि तिचे दोन अर्धे एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवून पाहिले. अंतर चार इंच होताच रूप प्रमाणबद्ध झाले. आधीच घडविलेले बंपर मग मधून कापून तेवढ्या रुंदीच्या तुकड्याने जोडावे लागले, आणि बॉनेटवरही मधोमध एक उंचवटा आला. धन्याने नाकारलेल्या रुंद इंजिनासाठी राखलेली आणि या चार इंचांनी वाढलेली बॉनेटखालची ऐसपैस जागा हीच गाडीच्या दीर्घायुष्याची तरतूद ठरली. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस यांचे एकीकरण झाल्यावर तेथे ८०३ घनसेंटिमीटरचे, १९५६ मध्ये ९४८ चे आणि १९६२ मध्ये १०९८ चे इंजिन बसले, आणि मूळ रचनेत फार मोडतोड करावी लागली नाही.

युद्धोत्तर काळात पोलाद मिळवायचे तर निर्यात करणे कारखान्यांना भागच होते. त्यामुळे जाळीत खाली बसविलेले दिवे अमेरिकेतील नियमांखातर उंचावून मडगार्डांवर आले आणि पुढे सर्वच गाड्यांना तसे मिळाले. १९५३ मध्ये मागच्या भागाला अॅश लाकडाची चौकट असलेली ‘ट्रॅव्हलर’ निघाली. टपालखात्याच्या व्हॅन, गावोगाव रुग्णांना भेटी देणाऱ्या परिचारिका, गस्तीवरचे पोलीस असा सारा लोकव्यवहार या गाडीने आपलासा केला. दहा लाखाव्या गाडीच्या स्मरणार्थ फिक्या जांभळ्या रंगाच्या सुमारे साडेतीनशे गाड्या काढण्यात आल्या.

कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून हिचाच अवतार ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काही वर्षे बाहेर पडत असे. तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड ही मात्र अँबॅसडरच्या वेषात १९५७ पासून २०१४ पर्यंत टिकली, आणि महाराष्ट्रातील कचेऱ्यांच्या आवारात अंमलदारीचे जणू अधिकृत चिन्ह होऊन बसली.

सोळा लाखांच्या आसपास गाड्या झाल्यावर १९७१ मध्ये अखेरची ट्रॅव्हलर निघाली, आणि मायनरचे उत्पादन बंद झाले. त्याच वर्षी, तोवर मॉरिसची मालक झालेल्या ब्रिटिश लेलंडने तिच्या जागी मरीना नावाची मोटार पुढे केली. जाहिरातीत ती अगदी नवी होती. परंतु तिच्या पुढच्या चाकांचा आधार मायनरच्याच पिळदार दांड्यांवरून बेतलेला होता. तेवीस वर्षांपूर्वीच्या रचनेवर उत्तराधिकारिणीला उभे राहावे लागावे, हा मायनरचा गौरव होय. त्या तेवीस वर्षांत कारखानदारांना दुसरा इसिगोनिस या वर्गाच्या गाडीकडे वळवता आला नाही, हा त्यांच्यावरचा ठपका होय.