मातीची घूस आणि सारनाथचे सिंह

उल्हासनगर कॅम्प १ येथील आमच्या वसतिशाळेच्या कलादालनात यंदा नारिंगी रंगाचा एक केसाळ प्राणी ठेवला आहे. १९९६ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर आलेल्या व्हिडिओ गेमचा नायक, क्रॅश बँडिकूट, विद्यार्थ्यांनी शाडूत घडविला. ‘मुलांना मोबाइलपासून दूर राहावे म्हणून वसतिगृहात ठेवले, आणि येथे गेममधील बाहुल्या?’ असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु चौकाचौकांत उभे असलेले बाबासाहेबांचे ब्राँझचे पुतळे प्रथम मातीतच घडतात, आणि तो हात कोठेतरी तयार व्हावा लागतो. मुलाला ज्या आकृतीचे वेड आहे तीवर तो पंधरा दिवस बसतो. आम्ही नेमून दिलेल्या फुलदाणीवर दोन तासही बसत नाही.

‘बँडिकूट’ हा शब्द मूळ तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. इंग्रजांनी तो येथे उचलला व पुढे ऑस्ट्रेलियातील, पोटाशी पिशवी असलेल्या एका निराळ्याच प्राण्याला चिकटविला. क्रॅश हा त्या दुसऱ्या कुळातला.

त्या काळी पडद्यावरचे चित्र ओबडधोबड दिसे. म्हणून रचनाकारांनी त्याला मान दिली नाही, डोके मोठे केले आणि हातमोजे चढविले. तो कोणीकडे तोंड करून उभा आहे हे कळावे म्हणून छाती फिकी ठेवली. अंगावरचे केस मात्र बहुतांशी सपाट रंगावरच भागविले. त्यामुळे पाहून उतरविण्यासारखे केस मुलांसमोर नव्हतेच. ते मातीत कसे दाखवावयाचे?

प्रत्येकाने प्रथम कंगव्याने रेघा ओढल्या, आणि प्राणी नांगरलेल्या शेतासारखा दिसू लागला. तेव्हा आम्ही सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचे मोठे छायाचित्र भिंतीवर लावले. हे चिन्ह प्रत्येक नाण्यावर असते, पण आयाळ कोण निरखून पाहतो? तेथे एकही केस सुटा कोरलेला नाही. ज्वालेसारख्या बटा ओळीने, एकीवर दुसरी अशा बसविल्या आहेत, आणि डोळा त्यांनाच केस समजतो. आमच्या मते, लव घडविण्याविषयी याहून अधिक शिकविण्यासारखे फारसे नाही.

शाडू चाळून, रात्रभर भिजवून, पिंजलेला कापूस मिसळून मळावा. वाळताना शाडू आकसतो, आतील तार आकसत नाही, आणि पायांना तडे जातात. म्हणून तारेवर सुतळी घट्ट गुंडाळावी. क्रॅशचे पाय काटकुळे, डोके अवजड. सुदैवाने त्याचे बूट भले मोठे आहेत. तेच फळीवर पक्के बसवून तोल साधला. डोके दोऱ्याने दुभंगून आतून बोटभर जाडीपर्यंत पोखरले व दाट कालवलेल्या शाडूने पुन्हा सांधले.

केसांचे काम माती बोटाला चिकटेनाशी झाल्यावर, पण ठसा घेत असतानाच करावे. कौले शाकारतात तसे खालून वर जावे: खालची बट आधी, तिच्या मुळावर वरची. बटांनी अंगाचा ओघ धरावा; गालांवर त्या बाहेर वळतात, पाठीवर खाली उतरतात. बांबूच्या कोरणीने प्रत्येक बटेत दोन-तीनच खाचा द्याव्यात. येथे मुलांचा हात आवरणे फार कठीण जाते.

कान पातळ असल्याने आधी वाळून मुडपतात. त्यांवर ओले फडके ठेवून मूर्ती सावलीत सावकाश वाळू द्यावी. रंगविताना खाचांत तपकिरी भरावा, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने नारिंगी रंग उंचवट्यांवरून ओढावा.

शाडू भाजलेला नसल्यामुळे पाण्यात त्याचा पुन्हा चिखल होतो. म्हणून कलादालन धुण्याच्या दिवशी क्रॅशला ग्रंथालयातील कपाटावर नेऊन ठेवतात.