मजकूर शाबूत, वाचा बंद

१८९५ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे, मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने, आपल्या घराण्यातील माणसे आतड्याच्या, जठराच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, तेव्हा आपलाही शेवट तसाच व्हायचा, अशी कैफियत मांडली. त्या वेळी ती धडधाकट होती, आणि तरीही तिचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे भ्रम म्हणून सोडून न देता त्या कुळाची वंशावळ जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली, हे त्यांचे मोठेपण होय. १९६६ पासून ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि १९९३-९४ मध्ये या आजारामागची एमएसएच२ व एमएलएच१ ही जनुके सापडली. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हे त्यांचे काम; ते थांबले की पेशीत चुकांची भर पडत जाते.

परंतु काही रुग्णांत ही जनुके अक्षरन् अक्षर तपासूनही दोष आढळेना. २००४ साली सिडनीतील कॅथरिन सुटर, रॉबिन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कर्करोग झालेल्या दोन व्यक्तींमध्ये दाखविले की, एखाद्या दस्तऐवजाचा मजकूर शाबूत असावा, पण त्यावर मोहर ठोकून तो वाचण्यास मनाई केलेली असावी, त्याप्रमाणे एमएलएच१ ची एक प्रत मिथिल गटांनी झाकली जाऊन सर्व शरीरभर मुकी झाली होती.

यातून उभा राहिलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट रुग्णाच्या मुलाबाळांचा आहे: बीजपेशी घडताना मिथिल गटांच्या अशा खुणा सामान्यतः पुसल्या जातात, मग त्यांचा वारसा चालावा कसा? २००७ साली संशोधिका मेगन हिचिन्स यांनी आईकडून मुलाकडे गेलेली अशी खूण नोंदविली खरी, परंतु तीच प्रत मिळालेल्या अन्य अपत्यांत ती नाहीशी झाली होती. याउलट हाँगकाँगमधील एका घराण्यात, २००६ च्या वृत्तान्तानुसार, एमएसएच२ वरील खूण सलग तीन पिढ्या चालत आली होती, आणि विशेष म्हणजे ती गुदाशयाच्या अस्तरात ठळक, गालाच्या अस्तरात मध्यम, तर रक्तात अगदी फिकी होती.

या विचित्र तपशिलाचा खुलासा २००९ साली नेदरलँड्समधील नायमेखेनच्या संशोधकांनी केला. शेजारच्या एपकॅम या जनुकाचे शेपूट तुटल्यामुळे त्याचे वाचन जिथे थांबायला हवे तिथे न थांबता एमएसएच२ च्या हद्दीत शिरते, आणि त्यामुळे तिथे मिथिल गट बसतात. एपकॅम अस्तराच्या पेशींत जागे असते, रक्तात नसते. म्हणजे खुणेच्या मुळाशी अक्षरांतलाच दोष होता, आणि तो निम्म्या अपत्यांकडे जाण्याचा संभव असतो. २०११ साली एका कुटुंबात एमएलएच१ ची खूणही जनुकाच्या आरंभी असलेल्या एकाच अक्षराच्या फरकाशी निगडित असल्याचे हिचिन्स यांनी दाखविले.

उतारवयात आतड्याच्या गाठीत आढळणारे एमएलएच१ चे मिथिलीकरण बहुधा त्या गाठीपुरतेच असते, म्हणून ते दिसताच आनुवंशिकतेची चौकशी थांबविण्याचा प्रघात आहे. परंतु रुग्ण तरुण असेल तर रक्तातही ती खूण शोधल्यावाचून, आणि एमएसएच२ गप्प असेल तर एपकॅमची तूट तपासल्यावाचून, प्रकरण दप्तरदाखल करणे म्हणजे त्याच्या भावंडांना वेळेवर दुर्बिणीच्या तपासणीस बोलावण्याची संधी गमावणे होय.