वॉशिटा : आडव्या डोंगरांतली लांब वाट

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या पायवाटांचा विषय निघाला की सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलाचियन वाटेचे नाव हटकून पुढे येते. ओक्लाहोमा आणि अर्कान्सास या दोन राज्यांत पसरलेल्या वॉशिटा पर्वतरांगेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, कारण तिथला रिच माउंटनसारखा उंच डोंगरही ८१७ मीटरचा, म्हणजे कळसूबाईच्या जेमतेम निम्मा भरतो. उंचीचा हा हिशेब खरा असला तरी वॉशिटा समजते ती तिच्या दिशेवरून. रॉकी, ॲपलाचियन आणि सह्याद्री या रांगा ढोबळमानाने दक्षिणोत्तर उभ्या आहेत, तर वॉशिटा सातपुड्याप्रमाणे पूर्व-पश्चिम आडवी पसरलेली आहे.

ही दिशा तिला सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मिळाली. दक्षिणेकडून सरकत आलेला भूखंड उत्तर अमेरिकेला येऊन भिडला, मधल्या समुद्राच्या तळाशी साचलेले वालुकाश्म आणि शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक, दोन्हीकडून दाबले गेले आणि आवळलेल्या सतरंजीप्रमाणे जमिनीला एकमेकींशी समांतर घड्या पडल्या. भूशास्त्रात या घड्यांना वली म्हणतात. लाव्ह्याच्या थरांवर थर चढून घडलेल्या सह्याद्रीत कडे आणि टप्पे आढळतात, तर वॉशिटात एकामागे एक लांबच लांब डोंगरधारा लागतात. याच घड्यांतून नोव्हॅक्युलाइट नावाचा अत्यंत सूक्ष्म कणांचा सिलिकामय खडक वर आला. मूलनिवासी जमातींनी त्याच्या खाणी खोदून बाणांची टोके घडवली, आणि पुढे त्याचेच निसणे, म्हणजे धार लावायचे दगड, जगभर गेले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हत्यारांना धार लावण्यासाठी शिकवला जाणारा ‘अर्कान्सास स्टोन’ तो हाच; त्याच्या एका मऊ प्रतीला तर ‘वॉशिटा’ असेच नाव आहे. ज्या रांगेकडे चालणारे वळत नाहीत तिचा तुकडा अनेकांच्या हातून गेलेला असतो.

वॉशिटा पायवाट ओक्लाहोमातील टालिमेना उद्यानापासून अर्कान्सासची राजधानी लिटल रॉक हिच्याजवळील पिनॅकल माउंटन उद्यानापर्यंत २२३ मैल, म्हणजे सुमारे ३५९ किलोमीटर जाते. तिचा बहुतांश भाग वॉशिटा राष्ट्रीय वनातून जातो. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात १९०७ मध्ये हे वन ‘अर्कान्सास राष्ट्रीय वन’ म्हणून राखले गेले आणि १९२६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. झाडांच्या खोडांवर रंगवलेले निळे पट्टे वाट दाखवतात आणि मैलांच्या खुणा किती अंतर कापले ते सांगतात.

डोंगर आडवे असल्यामुळे प्रत्येक धारेला एक उन्हाची आणि एक सावलीची बाजू असते, आणि त्यामुळे एकाच दिवसाच्या चालीत दोन वेगळी जंगले भेटतात. उत्तर उतारावर ओल टिकते. तिथे कुजक्या पानांखाली फुप्फुसे नसलेला, ओलसर त्वचेने श्वास घेणारा रिच माउंटन सॅलमँडर राहतो, जो या डोंगरांबाहेर कुठेही सापडत नाही. माथ्यावरचे ओक वारा आणि बर्फ सोसून खुजे आणि वाकडे राहिलेले दिसतात. दक्षिण उतार कोरडा. तिथे शॉर्टलीफ पाइन, म्हणजे आखूड सुयांचा पाइन, वाढतो, आणि त्याचे कोवळे रोप वणव्यात जळाले तरी बुंध्याशी पुन्हा फुटते.

आग हा या जंगलाचा जुना सोबती, आणि ही सोबत तोडल्याचे परिणाम महागात पडले. विसाव्या शतकात वणवे कसोशीने विझवले गेले, झुडपे दाटली, पाइनखालचे गवत संपले आणि रेड-कॉकेडेड नावाच्या सुतार पक्ष्याची पंचाईत झाली. हा पक्षी जिवंत, जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो आणि ढोलीभोवती भोके पाडून राळ वाहती ठेवतो, ज्यामुळे खोडावर चढणाऱ्या सापाला वाट अवघड होते. पण अशी झाडे मोकळ्या, गवताळ रानात उभी असावी लागतात. १९७० मध्ये तो संकटग्रस्त ठरला. त्यानंतर वनखात्याने विरळणी करून ठरवून आगी लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामुळे वाटेवर काळवंडलेले बुंधे आणि त्यांच्या पायथ्याशी उगवलेले हिरवे गवत एकत्र दिसते. नवख्याला ही नासधूस वाटणे साहजिक असले तरी ती वनाची दुरुस्ती आहे.

चालण्याचा हंगाम शरद ऋतूच्या उत्तरार्धापासून वसंताच्या आरंभापर्यंतचा. उन्हाळ्यात उकाडा आणि गोचिडी जीव नकोसा करतात, आणि डोंगरधारेवरचे लहान झरे आटत असल्यामुळे पाण्याचा हिशेब खाण्याच्या आधी मांडावा लागतो. शिकारीच्या दिवसांत भडक नारिंगी कपडे घालणे हा शिष्टाचार नसून सुरक्षेचा भाग आहे. पूर्वेकडच्या अखेरच्या टप्प्यात मात्र मॉमेल तलाव दिसू लागतो आणि पाण्याची चणचण संपल्यासारखी वाटते; त्यात पोहायला उतरण्यास मनाई आहे, कारण लिटल रॉक शहर तेच पाणी पिते.