सुरू होताना कुरकुरणारा संगणक

सकाळी पेढी उघडते, देव्हाऱ्यापाशी दिवा लागतो आणि हिशेबाचा जुना संगणक सुरू केला जातो. पडदा उजळतो न उजळतो तोच एक चौकट पुढे येते : अमुक फाइल सापडली नाही. ‘ओके’वर बोट पडते, चौकट नाहीशी होते आणि बिले फाडण्यास प्रारंभ होतो. अनेक व्यापारी घरांत हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. चौकट निरुपद्रवी असेलही. पण न वाचता ‘ओके’ दाबण्याची जी सवय तिच्यामुळे जडते, ती निरुपद्रवी नाही. एखाद्या दिवशी त्याच जागी खरा इशारा येतो आणि तोही त्याच बोटाने पुसला जातो.

चौकट का उमटते?

संगणक सुरू होताना कोणकोणते कार्यक्रम आपोआप चालवायचे, याची एक यादी विंडोज प्रणाली बाळगते. जुना प्रिंटर गेला, एखादे सॉफ्टवेअर अर्धवट काढले गेले, तरी यादीतील नोंद पुष्कळदा तशीच राहते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर राहावे आणि रोज सकाळी त्याचा पुकारा व्हावा, तसाच हा प्रकार. ‘रन-डीएलएल’ या मथळ्याची चौकट बहुधा अशा पुकाऱ्याचीच असते. ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ या नावाने येणारी चौकट मात्र थोडी अधिक लक्ष मागते. पेनड्राइव्हमधून शिरलेला विषाणू अँटिव्हायरसने पुसला, पण त्याची नोंद मागे राहिली, असे येथे अनेकदा घडलेले असते. अशा वेळी प्रथम संपूर्ण संगणकाची तपासणी करावी आणि मगच नोंदीकडे वळावे.

नोंद कशी काढावी?

आधी चौकटीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. त्यातील फाइलचे नाव हाच पुढचा धागा. विंडोज ८ व त्यानंतरच्या प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या विभागात ती नोंद शोधून ‘डिसेबल’ करावी. विंडोज ७ किंवा एक्सपी असल्यास विंडोजची कळ व ‘आर’ दाबून ‘एमएसकॉन्फिग’ असे टंकावे आणि ‘स्टार्टअप’मध्ये त्या नोंदीपुढील खूण काढावी. नोंद एकदम पुसू नये, केवळ बंद करावी. चूक झाल्यास ती पुन्हा चालू करता येते. एका वेळी एकच नोंद बंद करून संगणक पुन्हा सुरू करून पाहावा.

तेथे नोंद न सापडल्यास मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे विनामूल्य साधन उपयोगी पडते. ज्या नोंदींची फाइलच अस्तित्वात नाही, त्या यात पिवळ्या रंगात दिसतात. येथेही छायाचित्रातील नावाशी जुळणारीच नोंद बंद करावी. अनोळखी दिसते म्हणून नोंद काढणे हे, न समजलेले खाते वहीतून खोडण्यासारखे आहे.

विंडोज येण्यापूर्वीचे संदेश

काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असे दिसून ‘एफ-१’ दाबण्याची सूचना येत असेल आणि तारीख वारंवार मागे जात असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. बहुतेक संगणकांत ती ‘सीआर २०३२’ या प्रकारची, ३ व्होल्टची असते. बॅटरी संपली की यंत्र कारखान्यातील मूळ मांडणीवर परतते; मग कधीच नसलेला फ्लॉपी ड्राइव्हही ते शोधू लागते आणि तक्रार करते. विजेची वायर काढून बॅटरी बदलावी, ‘बायोस’मध्ये तारीख व वेळ भरावी, फ्लॉपीपुढे ‘नन’ निवडून बदल जतन करावेत. व्यापाऱ्याने हे टाळू नये. तारीख चुकली की बिलावर चुकीचा दिवस उमटू शकतो आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. मग विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी धावपळ होते.

हा संदेश गप्प करू नये

‘स्मार्ट’ हा शब्द आणि हार्ड डिस्क निकामी होण्याचे भाकीत एकत्र दिसले, तर ते डिस्कने स्वतःविषयी दिलेले निवेदन समजावे. बायोसमध्ये हा इशारा बंद करता येतो. पण त्याने केवळ आवाज थांबतो, दुखणे नाही. त्याच दिवशी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि मग डिस्क बदलावी. वीज अचानक गेल्यानंतर डिस्क तपासण्याचा संदेश एकदा येणे स्वाभाविक आहे; ती तपासणी पूर्ण होऊ द्यावी. तोच संदेश रोज येऊ लागला, तर मात्र डिस्कविषयी शंका घ्यावी.

विंडोज ७ साठीचे सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. असे यंत्र वापरात ठेवायचेच असेल, तर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. निरर्थक पुकारे बंद झाल्यावर जुना संगणकही शांतपणे सुरू होतो, आणि त्या शांततेत आलेला एखादा संदेश मग वाचल्यावाचून राहत नाही.