पोट सुटलं म्हणजे घर खातंपितं, असं नव्हे

एखाद्याचं पोट सुटलं की गावात ‘खात्यापित्या घरचा’ असा शेरा मिळतो आणि शहरात ‘आळशी’ असा. दोन्ही शेऱ्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते टिकून आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के बायका आणि जवळजवळ 23 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या बायकांत हे प्रमाण सर्वांत गरीब हिश्श्याच्या तिपटीहून जास्त आहे. मग लठ्ठपणाशी विषमतेचा संबंध येतोच कुठे? पैसा आला, अंग भरलं, विषय संपला! पण कोण किती कमावतो हा एक प्रश्न आहे आणि दोघांच्या कमाईत अंतर किती, हा वेगळा. गोंधळ होतो तो या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्याने.

एस. व्ही. सुब्रमण्यन, इचिरो कावाची आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी 2007 मध्ये भारतातल्या 26 राज्यांतल्या 77 हजारांवर विवाहित बायकांची आकडेवारी तपासली. ज्या राज्यात उत्पन्नाची दरी रुंद, तिथे बाईचं वजन कमी असण्याचा धोका जास्त दिसला आणि जादा असण्याचाही. घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हे चित्र पालटलं नाही. श्रीमंत देशांबद्दल रिचर्ड विल्किन्सन आणि केट पिकेट या अभ्यासकांनी असंच काहीसं मांडलं आहे: विषम अमेरिकेत लठ्ठपणा अधिक, तुलनेने समान जपानमध्ये कमी. यावर आक्षेप असा, की दोन गोष्टी शेजारी उभ्या दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आक्षेप रास्त आहे. जपानी ताटाचा वाटा कोण मोजणार? म्हणूनच नुसत्या आकड्यांवर न थांबता विषमतेपासून लठ्ठपणापर्यंतची साखळी आपल्याकडे कशी चालते ते पाहायला हवं.

हिंगोली जिल्ह्यातलं जवळा बाजार घ्या. आसपास सोयाबीन, हळद, कापूस. सोयाबीन पिकवणाराच तेलाची पिशवी दुकानातून आणतो, आणि ज्याची मजुरी रोजच्या रोज हाती पडते तो त्यातलं सगळ्यात स्वस्त तेल उचलतो. टपरीवर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्या पाच रुपयांत डाळ, अंडं किंवा फळ पोटभर येत नाही, तळलेलं मात्र येतं. 2022-23 च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण घरांच्या एकूण खर्चातले 9.62 टक्के पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेले, तर धान्यावर 4.91 टक्के. रेशनचं धान्य स्वस्त किंवा फुकट मिळतं, त्यामुळे दुसरा आकडा लहान दिसतो हे मान्य. पण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, दूध, भाजी विकतचीच. पोट भरतं, पोषण राहून जातं.

साखळीचा दुसरा दुवा पिढीजात आहे, आणि तो उलगडला पुण्यात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. सरासरी 2.7 किलोची ती बाळं. ब्रिटिश बाळांपेक्षा बरीच हलकी, तरी अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापं छापली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणजे आईची उपासमार मुलाच्या देहात मुरते आणि पुढे स्वस्त तेल-साखर मिळाली की कंबरेवर दिसते. कुपोषण आणि लठ्ठपणा ही परस्परविरुद्ध टोकं आहेत, हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. कित्येकदा ती एकाच घरातली दोन पिढ्यांची गोष्ट असते.

‘राबणाऱ्याला कसली चरबी?’ असंही विचारतात. राबणं कमी झालंय. मळणी यंत्राने, पेरणी ट्रॅक्टरने, फेरफटका मोटारसायकलने. त्यात वाईट काही नाही, पण ताट मात्र त्या बेताने बदललेलं नाही. मनाचा निग्रह हवा हे खरं, तरी निग्रहाला निवड लागते, आणि निवडीला पैसा. म्हणून एकीकडे कुपोषणाची मोहीम आणि दुसरीकडे मधुमेहाची, असा वेगवेगळा कारभार मला चुकीचा वाटतो. रेशनवर डाळ आणि गरोदर बाईला दूध-अंडी नियमित पोचवणं हा पुढच्या पिढीच्या लठ्ठपणावरचाही इलाज आहे. तोवर निदान वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या: कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर अंगाने सडपातळ दिसत असलात तरी आरोग्य केंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.